वादळाचे वतनदार

समुद्रकाठच्या माणसाला वादळाचे वेड लागत नाही. त्याला वादळाचे भय असते, आणि ते रास्तच असते. वेड लागण्यासाठी समुद्रापासून बेताचे अंतर लागते, आणि त्या दृष्टीने पाहता भिलाईइतकी सोयीची जागा या देशात क्वचितच असेल. आश्विन-कार्तिकातली बंगालच्या उपसागरातील वादळे ज्या किनाऱ्यावर वारंवार चढतात, त्यावरील विशाखापट्टणम आणि गोपाळपूर ही दोन्ही ठाणी भिलाईपासून सरळ रेषेत सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटरांवर, म्हणजे जवळजवळ समान अंतरावर आहेत. आणि मध्ये पूर्वघाटाची रांग, कोरापुटचे पठार व बस्तरचे अरण्य असा तिहेरी पहारा बसलेला आहे. किनाऱ्यावर ताशी दोनशे किलोमीटर वेगाने चाल करून आलेले वादळ हा पहारा ओलांडून शिवनाथच्या खोऱ्यातील सपाटीवर उतरते तेव्हा त्याची उष्ण समुद्राची रसद केव्हाच तुटलेली असते, डोंगरांशी झटापट करून वेग ओसरलेला असतो, आणि ‘अतितीव्र चक्रीवादळ’ हा हुद्दा जाऊन ‘डिप्रेशन’, मग ‘ठळक कमी दाबाचे क्षेत्र’ आणि शेवटी नुसते ‘कमी दाबाचे क्षेत्र’ अशा उतरत्या श्रेणीने ते सेवानिवृत्त झालेले असते. अशा सेवानिवृत्त वादळांच्या स्वागतासाठी भिलाईत सेवानिवृत्तांचाच एक वर्ग वर्षभर तिष्ठत असतो. त्याला मी वादळाचे वतनदार म्हणतो, कारण वादळावरील आपला हक्क वंशपरंपरागत असून तो कोणत्याही सरकारने खालसा करू नये, अशी या मंडळींची मनोमन धारणा असते.

या वर्गातील अस्सल नमुना मराठी आहे, असे म्हणताना मला प्रांताभिमानाचा दोष लागू नये. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि त्या सुमारास व त्यानंतर नागपूर, अमरावती, पुणे अशा ठिकठिकाणांहून जी मराठी मंडळी येथे नोकरीस रुजू झाली, त्यांपैकी कोणाचा तरी हा चिरंजीव. स्वतःही त्याच कारखान्यात चाकरी करून, नेहरूनगरात किंवा स्मृतिनगरात टुमदार घर बांधून, तो आता स्वस्थ बसला आहे. म्हणजे तशी त्याच्या कुटुंबाची अपेक्षा होती. परंतु ज्याने उभा जन्म भट्टीचे तापमान, झोताचा दाब आणि पाळीचा हिशेब तासातासाला नोंदवहीत उतरवण्यात घालवला, त्याला एके दिवशी हार, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ देऊन घरी पाठवले, तर मोजण्याची ती खोड कोठे जाणार? ती प्रथम स्वयंपाकघरात शिरते. तेथून दोन दिवसांत तिची हकालपट्टी होते. मग ती गच्चीवर चढते, आणि तेथून पुढे तिला आभाळाखेरीज मर्यादा उरत नाही.

या छंदाला आधार काय, असे विचारण्याची चूक करू नये. भिलाईच्या भट्ट्यांना लागणारा परदेशी कोळसा जहाजांतून विशाखापट्टणमच्या बंदरात उतरतो, तेथून रेल्वेने येतो. सबब उपसागरात वादळ झाले की बंदर बंद, बंदर बंद की कोळसा बंद, आणि कोळसा बंद की राष्ट्राचे रूळ बंद, अशी कैफियत तो एका दमात मांडतो. युक्तिवाद बिनतोड आहे. मात्र कारखान्याने त्याला या कामी नेमलेले नाही, आणि कोळशाचा साठा किती दिवसांचा असतो हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

त्याच्या दिवाणखान्यात गणपतीच्या तसबिरीच्या शेजारी एक वायुभारमापक टांगलेला असतो, आणि त्याचा पूर्वेतिहास ऐकल्यावाचून चहा मिळत नाही. तो पितळी तबकडीचा जुना नग कोण्या आप्ताने मुंबईहून आणून दिला. त्यावर ‘पाऊस’, ‘बदल’, ‘स्वच्छ’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे नक्षीदार वळणात कोरलेली. आता ही अक्षरे लिहिणाऱ्या कारागिराने समुद्रकाठचे घर गृहीत धरले होते, आणि भिलाई तर समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंच. दर आठ-नऊ मीटरांस एक हेक्टोपास्कल या दराने येथील दाब मुळातच तीस-पस्तीसने कमी भरतो. परिणामी, तबकडीच्या मते भिलाईत बारमाही पाऊस असे, आणि मे महिन्याच्या रखरखीत दुपारी, रस्त्यावरचे डांबर पातळ होत असताना, काटा पाऊस मागे टाकून तुफानाच्या दिशेने निघालेला दिसे. ही तफावत ध्यानी येऊन मागचा स्क्रू फिरवला जाईपर्यंतच्या काळात या गृहस्थाने शेजारच्या दोन कुटुंबांना लग्नाचे मांडव पत्र्याचे घालावयास लावले होते.

पर्जन्यमापकाचे प्रकरण अधिक गंभीर, कारण त्यात एका झाडाचा बळी गेला. मापकाच्या आसपासचा अडथळा स्वतःच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावा, असा नियम आहे. आणि अंगणात त्याच्या पत्नीने लावलेला, शेंगांनी लगडलेला शेवगा या नियमात बसेना. पत्नीने सुचवले की मापक गच्चीवर न्यावा. गच्चीवर वारा भोवंडतो आणि थेंब बाहेर पडतात, असे शास्त्रशुद्ध उत्तर मिळाले. शेवगा गेला. त्या घरात तेव्हापासून आमटीत शेंग पडली की ती विकतची आहे याची आठवण प्रत्येक वेळी, न विसरता, करून दिली जाते. शिवाय हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपून साडेआठलाच सुरू होतो, म्हणून या माणसाला त्या घटकेस अंगणाबाहेर असणे वर्ज्य. सासुरवाडीची लग्ने, भाच्यांच्या मुंजी, इतकेच काय पण डोळ्याच्या शस्त्रक्रियेची वेळसुद्धा त्याने या साडेआठच्या हजेरीभोवती बसवून घेतली.

खरा हंगाम सप्टेंबरच्या अखेरीस, सूर्य हस्त नक्षत्रात गेला की सुरू होतो. घरातील बायका पाटावर हत्ती मांडून हादग्याचे फेर धरतात आणि हा गृहस्थ भ्रमणध्वनीवर अंदमानचा समुद्र मांडून बसतो. त्याच्या आजोबांपाशी सहदेव-भाडळीचे पुस्तक होते आणि त्यातले आडाखे खरे ठरण्याचे प्रमाण नातवाच्या आडाख्यांहून फारसे निराळे नव्हते, असे जुनी मंडळी खासगीत सांगतात. परंतु नातवापाशी उपग्रह आहे. ढगांची पांढरी भोवरी, वाऱ्याच्या हिरव्या-जांभळ्या रेषा, दर तीन तासांचे बातमीपत्र, आणि संभाव्य मार्गाचा तो पुढे रुंद होत जाणारा शंकू, ज्याच्या कडेला कोठेतरी दुर्ग जिल्हा येतो की नाही हे पाहण्यासाठी तो चष्मा कपाळावर चढवून पडदा नाकाशी धरतो. शंकूत दुर्ग आला की त्या रात्री जेवण चांगले जाते.

सकाळी मैत्रीबागेच्या बाजूला फिरावयास येणाऱ्यांत असे तीन-चार वतनदार एकत्र येतात, आणि तेथे त्यांच्यातील भाऊबंदकी उघड्यावर येते. एक युरोपच्या संगणकीय अंदाजाचा अभिमानी, दुसरा अमेरिकेच्या. युरोप म्हणतो वादळ विशाखापट्टणमला चढून वायव्येस, म्हणजे आपल्याकडे येईल. अमेरिका म्हणते ते समुद्रातच वळून बांगलादेशास जाईल. मग आवाज चढतात, जुनी येणी निघतात, 2018 साली कोण काय म्हणाले होते याच्या जबान्या होतात. जे नगर सोव्हिएत साहाय्याने उभे राहिले, ज्या बागेचे नावच त्या मैत्रीवरून पडले, तिच्या वेशीवर युरोप-अमेरिकेच्या नावाने दोन देशस्थ ब्राह्मणांनी परस्परांशी अबोला धरावा, हा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला आहे. मध्यस्थी अखेर एका मल्याळी गृहस्थाने केली. त्याला वादळात रस नव्हता. त्याला बाकावर बसावयाचे होते.

वतनदारांचे पंचांगही स्वतंत्र असते. फायलीन गोपाळपूरजवळ चढले ते 12 ऑक्टोबर 2013 रोजी. हुदहुद विशाखापट्टणमला आले ते बरोबर एका वर्षाने, त्याच तारखेस. आणि तितली 2018 साली पलासाजवळ, एक दिवस अगोदर. तेव्हापासून तो आठवडा त्यांच्या लेखी पर्वकाळ आहे आणि त्यात कोणी गावाला जात नाही. यांपैकी हुदहुदविषयी बोलताना आमच्या गृहस्थाचा कंठ दाटून येतो. ते वादळ क्षीण होत होत छत्तीसगडावरून उत्तरेस गेले आणि दोन दिवसांनी नेपाळात अन्नपूर्णेच्या परिसरात हिमवादळ होऊन कोसळले, ज्यात चाळिसाहून अधिक माणसे दगावली. ‘आपल्या डोक्यावरून गेलं ते,’ असे तो सांगतो, आणि अभिमान व अपराध यांतील कोणता भाव चेहऱ्यावर आणावा हे त्याला ठरवता येत नाही. तितलीचा विषय मात्र काढू नये. ती किनाऱ्यावर चढली, सर्व लक्षणे अनुकूल होती, आणि ऐन वेळी ईशान्येस वळून ओडिशातून बंगालकडे निघून गेली. या बेइमानीची दाद कोठे मागावी, हे त्याला अद्याप उमगलेले नाही. याउलट 2021 च्या सप्टेंबरात आलेले गुलाब हे त्याचे लाडके: मराठवाड्यात धुमाकूळ घालून त्याचे अवशेष गुजरातेकडून अरबी समुद्रात उतरले, तेथे नव्याने बळ धरून शाहीन झाले आणि ओमानवर जाऊन आदळले. त्याने त्या वेळी नांदेडच्या मेहुण्याला आदल्या दिवशीच दूरध्वनीवरून इशारा दिला होता. मेहुणा हसला. पुढे त्याच्या घरात पाणी शिरले, आणि विवाहानंतर प्रथमच या माणसाला सासुरवाडीत मान मिळाला.

वादळ जवळ आले की त्याला पाहावयास गच्चीवर जावे. बाइज बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने 1857 साली सांगून ठेवले आहे की उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले असता कमी दाब डाव्या हाताला असतो. आमचा गृहस्थ प्रथम कारखान्याच्या धुराड्यांतून निघणारा धूर कोणीकडे झुकतो ते पाहतो, कारण भिलाईत त्याहून उंच आणि खात्रीचा वातकुक्कुट नाही. धूर नैऋत्येस जात असेल तर वारा ईशान्येचा. मग त्या वाऱ्याकडे पाठ करून, लुंगी सावरून, डावा हात आग्नेयेस ताणून, भुरभुर पावसात तो चौकातल्या वाहतूक हवालदारासारखा निश्चल उभा राहतो. हात आग्नेयेस असतो तोवर वादळ विशाखापट्टणमच्या बाजूला आहे असे समजावे. वारा फिरला की तोही फिरतो. समोरच्या गल्लीतील मुले त्याला ‘मौसमवाले अंकल’ म्हणतात आणि त्याच्यामागोमाग आपापल्या गच्चीवर हात ताणून उभी राहतात.

लोक त्याला हसतात आणि विचारतातही. मराठी मंडळाची कोजागिरी गच्चीवर की सभागृहात, हा प्रश्न कार्यकारिणी दरवर्षी त्याच्याकडे पाठवते, आणि तो ‘तुरळक सरींची शक्यता नाकारता येत नाही’ असा सरकारी शेरा मारून परत करतो. त्यामुळे दूध गच्चीवर आटते आणि मंडळी सभागृहात बसतात. पण पाटणकडच्या गावातून येणारा दूधवाला सायकलवरून न उतरता जेव्हा विचारतो, ‘‘काली पानी गिरही का साहेब? धान लुवना हे,’’ तेव्हा हा शेरा चालत नाही. कापलेले धान कडपा करून शेतात पसरले आणि वरून दोन दिवस पाऊस लागला तर लोंब्यांतच कोंब येतात, हे त्याला माहीत असते. मनातून त्याला पाऊस हवा असतो. तोंडाने त्याला ‘थांब’ म्हणावे लागते. या दोहोंत जो क्षणभर जातो, त्या क्षणात त्याच्यातला छांदिष्ट फार ओशाळा दिसतो.

आणि भिलाई हा लघुभारत असल्यामुळे त्याच्या उजव्या हाताचा शेजारी श्रीकाकुलमचा, डाव्या हाताचा गंजामचा. त्यांच्या घरची माणसे ज्या रेषेवर राहतात, त्या रेषेवर हा बोट ठेवून आनंदाने ‘आलं, आलं’ म्हणत असतो. 29 ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली. फायलीनच्या वेळी सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले गेल्यामुळे मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. हे आकडे तो पूर्वी विजयी मुद्रेने सांगत असे. एका रात्री गंजामचा शेजारी दाराशी आला, ‘‘भाई साहब, घर पर फोन नहीं लग रहा, आँख किधर है?’’ एवढेच म्हणाला, आणि दिवाणखान्यात बसून राहिला. पहाटेपर्यंत दर तीन तासांचे बातमीपत्र दोघांनी मिळून वाचले, पत्नीने तीन वेळा चहा केला, आणि युरोप-अमेरिकेचे नाव त्या रात्री कोणी काढले नाही. सकाळी फोन लागला. घराचे पत्रे उडाले होते, माणसे शाळेत सुखरूप होती. शेजारी गेल्यावर आमच्या गृहस्थाने वायुभारमापकावर बोट ठोकून काटा पाहिला आणि नोंद केली. सवय सुटत नाही.

त्याच्या कारकीर्दीतील अत्यंत कसोटीचा प्रसंग मात्र एका फुटकळ वादळाचा आहे. दोन दिवस शंकूत दुर्ग होता, इशारे सर्व नातलगांस रवाना झाले होते, गच्चीवरच्या टाकीचे झाकण तारेने बांधले होते, आणि रात्रभर पागोळ्या ठिबकल्या. साडेआठच्या ठोक्याला त्याने मापकातील पाणी काचेच्या नळीत ओतले, नळी डोळ्यांच्या रेषेत धरली, पाण्याच्या खोलगट कडेचा तळ पाहिला. 2.4 मिलिमीटर. खात्याच्या नियमाप्रमाणे 2.5 भरले तरच तो ‘पावसाचा दिवस’. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिले. दोरीवर राहून गेलेल्या दोन गोधड्या पिळत पत्नी म्हणाली, ‘‘अहो, लोट्यातले दोन थेंब घालू का? कोणाला कळतंय!’’ सातबाऱ्यात खाडाखोड करण्यास सांगितल्यावर जुना पापभीरू तलाठी जसा पाहील तसे त्याने तिच्याकडे पाहिले, आत गेला, नोंदवही उघडली, आकडा लिहिला आणि शेऱ्याच्या रकान्यात तांबड्या शाईने टिपण घातले: ‘रात्रभर पाऊस. सबब पावसाचा दिवस नव्हे. दोन गोधड्या भिजल्या.’