दोन राजांचे मास्तर

"काकू, पेपर वाचला? आज कोणी पक्ष बदलला?"

"बदलोत बापडे! आपल्या बडोद्याच्या दिवाणांनी तर राज्यंच बदलली. सर टी. माधवराव गं. जन्म 1828चा, कुंभकोणमचा. पण घर तंजावरच्या मराठ्यांच्या अमदानीतलं, अस्सल मराठी."

"मग इथे कसे आले?"

"सांगते ने. गणितात हुशार. 1849 साली त्रावणकोरच्या राजपुत्रांना शिकवायला गेले. मग सरकारी नोकरीत शिरले, आणि तिशीच्या आसपास थेट दिवाण! 1860 साली त्यांचाच विद्यार्थी गादीवर बसला. मिरी-तंबाखूवरची सरकारी मक्तेदारी काढली, राज्याची घडी बसवली. पण 1872 मध्ये राजाशी बिनसलं."

"कशावरून?"

"दरबारात कान भरणारे काय कमी असतात? तिथून इंदूरला होळकरांकडे. तेवढ्यात इकडे आपली भानगड उपटली."

"विषाची?"

"तीच! रेसिडेंट कर्नल फेअरच्या सरबतात म्हणे सोमल आणि हिऱ्याची पूड. संशय तेव्हाच्या महाराजांवर, मल्हारराव गायकवाडांवर. सहा जणांचा आयोग बसला. तिघे इंग्रज म्हणाले दोषी. शिंदे सरकार, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव म्हणाले, सिद्ध होत नाही."

"म्हणजे सुटले?"

"कसले सुटतात! गैरकारभाराचं कारण दाखवून 1875 साली गादीवरून काढलंच. आधीच्या महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला. तेच आपले सयाजीराव. पोर सज्ञान होईपर्यंत कारभार माधवरावांकडे. सावकार, सरदार, वसुलीचे इजारदार, सगळे राज्याला चिकटलेले. एकेकाला वठणीवर आणलं. शिवाय राजाने कसं वागावं, काय टाळावं, यावर पोराला व्याख्यानं दिली. ती छापलीसुद्धा."

"पुन्हा मास्तरकी!"

"हो ना. 1881च्या डिसेंबरात महाराजांच्या हाती कारभार आला आणि 1882 साली दिवाणांनी राजीनामा दिला. पटेना म्हणतात."

"अय्या! पुन्हा विद्यार्थ्याशीच?"

"मला विचारशील तर त्यात महाराजांचं चुकलं नाही. शिकलेल्या राजाला सल्लागार चालतो, डोक्यावर बसलेला मास्तर कशाला चालेल?"

"मग शिकवणं फुकट गेलं म्हणा."

"फुकट कसं? त्याच राजाने 1906 साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. तेव्हा तुमच्या पुण्यात तसं होतं का?"

"नव्हतं, काकू. पण माधवरावांचं पुढे काय झालं?"

"मद्रासला गेले. 1887च्या काँग्रेसचे स्वागताध्यक्ष झाले, 1891 साली वारले. त्रिवेंद्रमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे. त्या चौकाला लोक आजही 'स्टॅच्यू'च म्हणतात. आणि इथे? या गल्लीतल्या पोरांना विचार बघू माधवराव कोण ते. पेशवे म्हणतील!"