भिवंडीचं तोंड उघडून बघा

दात दुखतोय म्हटलं की पुढचे दोन प्रश्न ठरलेले. नीट घासता का? तंबाखू खाता का? भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराला हे विचारणाऱ्याने आधी त्याच्या कारखान्यात एक रात्रपाळी उभ्याने काढावी.

पाळी बारा तासांची. मजुरी विणलेल्या कापडावर. एका माणसाच्या अंगावर चार, सहा, कुठे आठ माग. धागा तुटला की जोडायचा, धोट्यातली कांडी संपली की बदलायची. हात कायम गुंतलेले आणि हवेत कापसाचे तंतू. तिथे बिडी पेटवली तर कारखानाच पेटेल. मग झोप मारायला, भूक मारायला आणि तोंडाला पडणारी कोरड घालवायला काय उरतं? गालात धरलेली चिमूट. मुंबईच्या गिरणीतही हेच चालायचं. तंबाखू सोडा असं सांगणारे फलक आपण दवाखान्याच्या भिंतीवर लावतो. बारा तासांची पाळी सोडा असं मालकाला सांगणारा फलक मला अजून दिसलेला नाही.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले. ओढणारे चार टक्क्यांच्याही आत. म्हणजे या राज्यात तंबाखूचा मार पहिला तोंडावर बसतो. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी गोदामांच्या या शहरात गुटख्याचे साठे पकडल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा कायदा तर २००३ चा. शांतीनगर किंवा गैबीनगरच्या गल्लीत हे अंतर मोजायला कोणी टेप घेऊन फिरलंय का?

सुपारीचं काम आणखी वाईट. रोजच्या सुपारीने गालाच्या आतली कातडी पांढुरकी, ताठ होत जाते आणि जबडा उघडेनासा होतो. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. सुपारीने आखडलेल्या तोंडात दोन, पुढे एक. असा कामगार भिस्सीत, म्हणजे मागवाल्यांच्या खानावळीत, जेवायला बसला की ताटावरूनच ओळखू येतो. तिखटाने तोंडाची आग होते म्हणून डाळ बिनफोडणीची. रोटी डाळीत बुडवून, पार मऊ करून, बारीक तुकड्याने आत ढकलायची. वाढणारी बाई हे रोज बघते. तिला कोणी काही विचारत नाही.

घरातल्या बायकांची कथा वेगळी. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरी बोटाने दातांवर फिरवल्याशिवाय अनेकींची सकाळ होत नाही. दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्राने १९९२ मध्ये बंदी केली. घरच्या तव्यापर्यंत ती बंदी कशी पोचणार? पोरांच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटपुडा, कारण स्वस्तात पोट भरणारं तेवढंच. आणि पाणी भरायची पाळी ठरलेल्या वेळेची, त्यामुळे हंडे आधी, चूळ मागून.

आता उपचाराकडे या. ओपीडी दिवसाची, आणि मागावर नसलं की मजुरी बुडते. मुंबईच्या सरकारी किंवा पालिकेच्या दंत महाविद्यालयात जायचं, तर भिवंडीहून थेट लोकलसुद्धा नाही. कल्याण किंवा ठाणे गाठा, मग पुढे. दाढ भरायला दोन-तीन खेपा, म्हणजे दोन-तीन खाडे. त्यापेक्षा दाढ उपटून टाकणं परवडतं. सरकारी आरोग्य विमा दात भरायला हात वर करतो आणि तोच माणूस कॅन्सर घेऊन आला की दार उघडतो. ब्रिटिश डॉक्टर ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहून ठेवलं की जिथे गरज जास्त तिथे चांगली सेवा कमी. पन्नास वर्षं उलटून गेली, आपण अजून फ्लोराइडच्या पेस्टवर व्याख्यानं देतोय.

तोंडाच्या कॅन्सरची तपासणी तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची व्हावी, असा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आशाताई घरोघर जातात. पण उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला बावीस वर्षांचा पोरगा त्यांच्या यादीत बसत नाही आणि घरी सापडतही नाही. तो दिवसा मागावर असतो, नाहीतर रात्रपाळी करून दहाजणांच्या खोलीत झोपलेला. त्याला शोधायचं असेल तर भिस्सी ही एकच जागा आहे, जिथे तो दोन वेळा हमखास तोंड उघडतो.

केरळात तिरुवनंतपुरमला डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी उजेडात तोंडं तपासली. तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. हे २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. मग भिवंडीत का नाही? भिस्सी चालवणाऱ्या बायकांना तीन बोटांची परीक्षा आणि कॅन्सरची चाहूल देणारा पांढरा-लाल चट्टा ओळखायला शिकवा, त्याचे पैसे त्यांना द्या. वयाची अट अठरावर आणा. मागांच्या वस्तीत दाताची खुर्ची रात्री दहापर्यंत चालू ठेवा. आणि मागवाल्याची पाळी आठ तासांवर आणा. हे शेवटचं आरोग्य खात्याचं काम नाही म्हणाल, तर कामगार खात्याला त्याच बैठकीला बोलवा.