रश्श्याचे पोटहिस्से

(लंडनच्या एका उपनगरातील दिवाणखाना. वेळ मध्यरात्रीच्या सुमाराची. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले मामा कोट न उतरविताच खुर्चीत बसले आहेत. ज्याच्या नव्या घराप्रीत्यर्थ भोजन झाले तो भाचा अपराधी मुद्रेने समोर उभा आहे.)

भाचा : मामा, राग मानू नका. हॉटेल उघडून पुरता महिनाही झालेला नाही. जम बसायला वेळ हा लागतोच.

मामा : राग कसला? मी केवळ वस्तुस्थिती नमूद करतो. ज्या भोजनगृहाच्या पाटीवर नावीन्याचा एवढा डंका पिटलेला, त्याच्या यादीत कोर्मा, मद्रास, विंदालू, पथिया आणि धनसाक ही मंडळी, तूच म्हणालास त्याप्रमाणे, या शहरातल्या जुन्यात जुन्या हॉटेलात असतात त्याच ज्येष्ठतेच्या क्रमाने बसलेली होती; आणि चार वाडग्यांतून चार नावांनी जे पुढ्यात आले, ते मूळ एकाच गटाचे पोटहिस्से आहेत, हे ओळखायला मला दुसरा घास घ्यावा लागला नाही. साय ओतली की कोर्मा, तिखट ओतले की मद्रास, हात आणखी सैल सोडला की विंदालू! फेरफार निराळे, खातेदार निराळे, जमीन तीच.

भाचा : ते खरे आहे. कांदा भल्यामोठ्या पातेल्यात शिजवून, वाटून, त्याचा एक मूळ रस्सा आधीच करून ठेवतात. मागणी आली की दोन डाव कढईत घालायचे, मसाला बदलायचा, आणि काही मिनिटांत हवा तो प्रांत गिऱ्हाइकाच्या पुढ्यात.

मामा : प्रांताचे म्हणशील, तर सावंतवाडीत माझी तीन-चार वर्षे नोकरी झाली आहे. गोव्याच्या ख्रिस्ती घरातला विंदालू म्हणजे शिरका आणि लसणीच्या वाटणात मुरवलेले डुकराचे मांस. आज मला दिली ती कोंबडी. शिरक्याचा मागमूस नाही, आणि मध्ये चौकोनी बटाटे, जणू वारसाहक्काने आल्यासारखे!

भाचा : बटाटा इथे घालतातच.

मामा : आणि ते धनसाक? पारशांच्या घरी रविवारी दुपारी ते चापून खातात, ही गोष्ट वेगळी. पण आप्ताच्या मृत्यूनंतर चौथ्या दिवशी ज्याचा मान, आणि म्हणूनच मंगलकार्याच्या ताटात ज्याला मज्जाव, तो पदार्थ तू गृहप्रवेशाच्या जेवणाला मागवलास, आणि त्यांनी त्यात वर अननसाचे तुकडे घालून सुतकही गोड करून टाकले.

भाचा : मला ठाऊक नव्हते हो. पण चिकन टिक्का मसाला तरी? २००१ साली रॉबिन कुक यांनी, खुद्द परराष्ट्रमंत्र्यांनी, भाषणात त्याला ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ म्हटले होते.

मामा : दाखला परराष्ट्रमंत्र्याने द्यावा, यातच सारे आले.

भाचा : तुम्हांला इथली परंपराच मान्य नाही. शेख दीन मुहंमद नावाच्या पाटण्याच्या गृहस्थाने १८१० साली याच लंडनमध्ये, जॉर्ज स्ट्रीटवर, हुक्क्याच्या सोयीसकट हिंदुस्थानी भोजनगृह काढले होते.

मामा : पुढे?

भाचा : १८१२ साली दिवाळे निघाले.

मामा : पाहा! त्या काळचे गिऱ्हाईक हिंदुस्थानात राहून, खाऊन-पिऊन आलेले. त्याला फसवणे सोपे नव्हते.

भाचा : त्याचे जेवण वाईट होते असे कोणी लिहिलेले नाही, मामा.

मामा : बरे, तो मुद्दा तहकूब. बिलाकडे ये. आपण न मागता टेबलावर अवतरलेल्या पापडांचे पैसे, आणि खाली साडेबारा टक्के सेवाशुल्क, पुढे बारीक अक्षरांत 'ऐच्छिक'. या शेवटच्या बाबीविषयी मात्र माझी तक्रार नाही. ध्वजदिन निधी आम्हीही ऐच्छिकच गोळा करीत असू, आणि तालुक्याचा इष्टांक कधी चुकला नाही.

भाचा : एकंदरीत तुमची रात्र वाया गेली. त्यातून तुम्ही हात धुवायला म्हणून गेलात ते बराच वेळ आलाच नाहीत. मला वाटले, पोटाने दगा दिला.

मामा : (किंचित घसा खाकरून) त्याबद्दलची कैफियत अशी की, परतताना स्वयंपाकघराचे दार उघडे दिसले. आत नोकरमंडळी जेवायला बसली होती. पाहतो तो पांढरा भात, पातळ रश्श्यातले मासे, आणि त्यात लिंबासारख्या कुठल्याशा फळाच्या जाड सालीचे तुकडे. तुझ्या त्या मूळ रश्श्याला एकानेही बोट लावलेले नव्हते.

भाचा : सातकरा असणार तो. इथली पुष्कळशी 'इंडियन' हॉटेले बांगलादेशातल्या सिल्हेटच्या लोकांची आहेत. पहिले कित्येक बोटींवरचे खलाशी म्हणून आले आणि इथेच राहिले. घरचे जेवण ते आपल्यापुरते वेगळे रांधतात. पण तुम्हांला इतका तपशील... मामा, तुम्ही तिथे जेवलात?

मामा : बस म्हणाले. मोडक्यातोडक्या हिंदीत नाही म्हणून पाहिले. पण कोकणातल्या माणसाने भातावरच्या माशाला किती वेळा नाही म्हणावे, यालाही काही मर्यादा आहे. साल किंचित कडसर, पण रस्सा असा की वाडगा दोनदा पुढे केला. परवा हॉटेल बंद झाल्यावर पुन्हा बोलावले आहे.

भाचा : आणि मी?

मामा : तुझा अर्ज मुख्य आचाऱ्यापुढे तोंडी ठेवला आहे, शेरा अद्याप पडायचा आहे. विंदालू तूच मागवलास, हे मात्र त्यात नमूद करणे मला भाग पडले.