बँडमास्तर

घोडेगावच्या मार्केटात कांद्याला भाव मिळाला की बँडमास्तरांची कळी खुलते. सुपारी द्यायला आलेला नवरदेवाचा बाप मग ऐटीत म्हणतो, "पंधरा माणसं आणा." भाव पडला की तोच बाप, "मास्तर, आठात भागवा." मास्तरांचं दुखणं वेगळंच. त्यांचं पंधरातही भागत नाही. डोक्यात जो बँड वाजतो तो शंभराचा! शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारात दोन बैल हातघाईवर आले तरी हे तिथे उभ्याउभ्या ट्रम्पेटवाले मोजत असतात.

अहो, पॅरिसलाही असला एक मास्तर होऊन गेला. हेक्टर बर्लिओझ (१८०३–१८६९). डॉक्टर बापानं डॉक्टरकी शिकायला धाडलं. मुडदे चिरायची खोली बघून पठ्ठ्यानं थेट खिडकीतून उडी टाकली. पियानो धड येत नव्हता, येत होती बासरी आणि गिटार. पण कुठलं वाद्य कुठे कसं बोलतं यावर त्यानं लिहिलेला ग्रंथ पुढे संगीतकारांनी उशाशी ठेवला. मास्तरांचा सॅक्सोफोन, ज्याच्या एका चावीला स्प्रिंगऐवजी रबर बांधलंय, तोही अ‍ॅडॉल्फ सॅक्सनं काढला तेव्हा वर्तमानपत्रातून कौतुक केलं ते ह्या बर्लिओझनंच, १८४२ साली.

१८४४मध्ये त्यानं पॅरिसात हजारेक कलावंत एकाच जलशाला उभे केले. खर्च वजा जाता हाती उरले आठशे फ्रँक.

हे ऐकून मास्तर गंभीर झाले. "हजार माणसांचा चहा कोणाकडं होता?"

ते मला ठाऊक नव्हतं. मग १८३७ची गोष्ट सांगितली. मृतांसाठीची मोठी प्रार्थना, चार कोपऱ्यांत चार पितळी बँड, सोळा नगारे. चारी बँड एकदम उठायचे, नेमक्या त्या क्षणी वाद्यवृंद चालवणाऱ्या हाबनेकनं काठी खाली ठेवली आणि शांतपणे तपकिरीची डबी उघडली. बर्लिओझ मागेच बसलेला. झेप घेऊन पुढे आला, हात उंचावून ताल दिला, म्हणून निभावलं. निदान आत्मचरित्रात तो तसं म्हणतो; खरंखोटं त्याचं त्याला माहीत. ज्याला आपल्या डोक्यातला बँड बाहेर कधीच पुरा ऐकायला मिळत नाही, तो गोष्ट सांगताना थोडी वाढवून सांगणारच. मास्तरांच्या शंभरातले साठ असेच आहेत.

मला वाटलं, मास्तर त्या हाबनेकला शिव्या घालतील. पण ते तळहातावरची तंबाखू मळत राहिले. चुन्याचं बोट पुसलं, चिमूट दाढेखाली सरकवली आणि निकाल दिला :

"चूक बर्लिओझची. तपकिरीला जागा ठेवूनच चाल बांधायची असती. नवरदेव घोड्यावर चढेस्तोवर मी नुसता ढोल चालू ठेवतो, ते काय उगाच?"