पुढचा भाग कधी?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की लोक गोव्याची तिकिटं शोधतात. फँटसीवाचक हिशेब मांडायला बसतो. हा प्राणी बहुधा आयटीतला, चाळिशीच्या अलीकडचा. सॅकमध्ये लॅपटॉप असो-नसो, आठशे पानी ठोकळा असतोच. इतर लोक पुस्तकं मोजतात, हा पानं मोजतो. वहीत ‘संपलेल्या मालिका’ या रकान्यात भोपळा आणि ‘चालू’ या रकान्यात जागा पुरत नाही.

यात त्याचा दोष नाही. पॅट्रिक रॉथफसच्या मालिकेचा दुसरा भाग आला 2011 साली, जॉर्ज मार्टिनच्या मालिकेचा पाचवाही त्याच साली. पुढच्यांची वाट बघता बघता याची पदवी झाली, लग्न झालं, मुलगी शाळेत जायला लागली. मार्टिन 1948 सालचे. त्यामुळे घरातल्या कुणाच्याही शुगरपेक्षा त्यांच्या तब्येतीची चौकशी जास्त. ते कुठे समारंभात हसताना दिसले, की “लिहायचं सोडून हे काय फिरत बसलेत?” हे अगदी सासूच्या सुरात. काळजीला कारणही आहे. रॉबर्ट जॉर्डन 2007 साली ‘व्हील ऑफ टाइम’ अर्धवट टाकून गेले. शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसनने लिहिले आणि 2013 साली ते कार्य एकदाचं तडीस नेलं. तेव्हापासून देवघरात फोटो लावायचाच काय तो बाकी आहे. त्यातून या सँडरसनने लॉकडाउनमध्ये कुणाला न सांगता जादा कादंबऱ्या लिहून ठेवल्या. “याला म्हणतात कष्ट!” असं हा सांगतो, तेव्हा त्याची स्वतःची टाइमशीट दोन आठवडे भरायची राहिलेली असते.

सँडरसनच्या ‘मिस्टबॉर्न’मध्ये माणसं धातू गिळतात आणि त्यांच्या अंगी शक्ती येते. यंदा नेमकं याचं हिमोग्लोबिन कमी निघालं. आईने लोहाची गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला, तर हा खुलून म्हणाला, “आई, लोखंड गिळलं की धातू आपल्याकडे ओढता येतात, आणि पोलादाने ढकलता येतात.”

“बरं. गोळी घे आणि टेबलावरची ताटं बेसिनकडे ढकल.”

“ते पोलादाने, आई.”

“ताटं स्टीलचीच आहेत.”

घरातल्या थोरल्या काकांनी एकदा मोठ्या प्रेमाने नाथमाधवांच्या ‘वीरधवल’चा विषय काढला. 1913 सालची कादंबरी, पण रात्र रात्र जागवायची, वगैरे. याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “छानच असणार, काका. पण त्यात मॅजिक सिस्टीम कुठाय?” काका अजून समजतात, की ते गाणी ऐकायचं काहीतरी यंत्र असावं.

टॉल्किनचा ॲरागॉर्न हा इसिल्दुरचा 39वा वारस, हे त्याला झोपेतही सांगता येतं. लग्नात एखादी आत्या “ओळखलंस का मला?” म्हणाली, की मात्र घाम फुटतो. टॉल्किनने निदान शेवटी वंशावळ छापली आहे; आपल्याकडे कार्यमालकाला ते सुचत नाही.

किलोच्या भावाने पुस्तकं विकतात त्या प्रदर्शनात सगळ्यात जास्त याचा खिसा कापला जातो. कवितावाले पिशवी भरून नेतात, याचा एकच खंड काटा खाली बसवतो. आणि तिथे दुसरा मिळतो, चौथा मिळतो. पहिला भाग विकणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तरी हा दुसरा आणि चौथा घेऊन येतो. कपाटात जागा नसल्याने ते सध्या तांदळाच्या डब्यावर आहेत.

यंदाचा संकल्प: नवी मालिका सुरू करायची नाही. तेवढ्यात नुकतेच निवृत्त झालेले बाबा म्हणाले, “तू एवढं वाचतोस, मलाही एखादं दे बघू. छोटंसं.”

याचे डोळे लकाकले. “बाबा, चौदा खंडांचं चालेल? मधे आठ ते दहा जरा रेंगाळतात, तेवढे रेटा. अकराव्यापासून काय वेग घेतं म्हणून सांगू!”