पुलाविना पुलाची लढाई

स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यसंग्रामावरील ‘ब्रेव्हहार्ट’ या १९९५ च्या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर बहाल झाले, यात नवल नाही. नवल हे की, १२९७ साली ज्या अरुंद लाकडी पुलामुळे इंग्रजांची फौज अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे अशी कैचीत सापडली, तो स्टर्लिंगचा पूलच निर्मात्यांनी दप्तरातून खारीज केला आणि लढाई मोकळ्या माळावर, तीही आयर्लंडात, उरकून घेतली. इंग्लंडची राजस्नुषा इझाबेला हिच्या उदरी चित्रपटाचा नायक, स्कॉटिश योद्धा विल्यम वॉलेस याचा अंश वाढत असल्याचे सूचित करण्याचे औदार्यही त्यांनी दाखविले. वास्तविक १३०५ मध्ये वॉलेसला देहान्त शासन झाले तेव्हा ती बालिका फ्रान्समध्येच होती, विवाहही व्हावयाचा होता, आणि तिचा पुत्र तिसरा एडवर्ड जन्मास आला तो १३१२ साली.