सागवानी थाप

भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलो की धक्का नजरेआड व्हायच्या आत माझ्या पोटात ढवळायला लागतं. सासुरवाडी अलिबागकडची, त्यामुळे माझी ही कीर्ती तिकडे सर्वदूर पसरली आहे. मेव्हणा उतरवून घ्यायला येतो तो खिशात आलेपाकाच्या वड्या घेऊन, आणि चार लोकांत मोठ्यांदा विचारतो, "काय भावोजी, आज किती वेळा?"

असा मी निवृत्तीनंतर काय करतो, तर जगभरच्या जुन्या युद्धनौकांवरचे विकिपीडियातले लेख दुरुस्त करतो. कुठल्या बोटीच्या कमरेला किती इंचांचं चिलखत होतं, यावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कधी न पाहिलेल्या माणसांशी वाद घालतो. "लाँच सोसत नाही, आणि बिस्मार्क सुधारायला निघालेत," असं आमची ही म्हणते. तिला उत्तर नाही.

चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली एकोणीस क्लिअरिंगमध्ये. चौदा पैशांचा फरक सापडेना म्हणून रात्री साडेनऊपर्यंत थांबलेला माणूस मी. निवृत्तीनंतर घरात ताळा जुळवायला काहीच उरलं नाही. दुधाचा हिशेब घेतला, तर दूधवाल्याने दूध बंद केलं. अशा वेळी मला इंग्रजी विकिपीडियावर ही मंडळी भेटली. युद्धनौकांचे लेख उत्तम दर्जाला न्यायचे एवढ्यासाठी त्यांनी एक खास मोहीमच काढली आहे, नाव 'ऑपरेशन मॅजेस्टिक टायटन'. नाव ऐकून वाटतं, हातात बंदूक असणार. प्रत्यक्षात हातात चिवड्याची वाटी असते.

माझी पहिली दुरुस्ती 'ड्रेडनॉट'वर. १९०६ साली ब्रिटिशांनी ही बोट पाण्यात सोडली आणि बाकी सगळ्या जगाच्या युद्धनौका एका दिवसात जुन्या झाल्या. बारा इंची दहा तोफा, टर्बाइनची इंजिनं, एकवीस नॉटचा वेग. आणि हे सगळं म्हणे एक वर्ष नि एक दिवसात बांधून तयार! मी त्या वाक्यापुढे फक्त एक उद्गारचिन्ह टाकलं. सात मिनिटांत ते काढलं गेलं. खाली निरोप: "विश्वकोश चकित होत नसतो."

हे वाक्य मी लिहून कपाटाला आतून चिकटवलं आहे.

मग चर्चेच्या पानावर कळलं की त्या 'वर्षभरात'ची गोष्टही सरळ नाही. कण्याची पहिली पट्टी घातली २ ऑक्टोबर १९०५ला, ते खरं. पण सामान आधीच जमवून ठेवलं होतं, आणि तोफांचा सरंजाम लॉर्ड नेल्सन वर्गाच्या दुसऱ्या बोटींसाठी मागवलेला, तो इकडे वळवला. बरं, वर्षानंतर ती बाहेर पडली ती चाचण्यांसाठी. आरमारात रीतसर रुजू झाली डिसेंबरात. मला हे लगेच समजलं, कारण आमच्या इमारतीचा पुनर्विकास चालू आहे. भूमिपूजन कधी धरायचं आणि ताबा कधी धरायचा, यात बिल्डरची अख्खी इज्जत असते. मी तसं लिहिलंही. त्यावर एका जर्मन गृहस्थांनी विचारलं, "या बिल्डरचं पुस्तक कुठे मिळेल?"

हे जर्मन गृहस्थ म्हणजे आमच्या टोळीचे भीष्म. माणूस कधी हसला असेल असं वाटत नाही, पण त्यांच्याकडे जहाजांच्या रोजनाम्यांच्या नकला आहेत. दुसरे एक कॅनडातले. त्यांचं ज्ञान बघून मी त्यांना दीड वर्ष 'सर' म्हणत होतो. एकदा यामाटोच्या तोफा सेहेचाळीस सेंटिमीटर लिहायच्या की अठरा पूर्णांक एक इंच, यावर जुंपलेली असताना सरांनी लिहिलं, "उद्या गणिताचा पेपर आहे, परवा बोलू." ते अकरावीत होते. त्यानंतरही मी सरच म्हणतो. यामाटोच्या बाबतीत त्यांचंच बरोबर होतं.

आमची भांडणं तुम्हाला क्षुल्लक वाटतील. ती आहेतच. दोन आकड्यांमधली आडवी रेघ आखूड की लांब, यावर मी माणसं हमरीतुमरीवर आलेली पाहिली आहेत. चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लेखन उलटवायचं नाही, असा तिथे नियम आहे. तो आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला लागू व्हावा अशी माझी फार इच्छा आहे. आणि सगळ्यात जुनं भांडण म्हणजे बोटीला 'शी' म्हणायचं की 'इट'. दोन्ही चालतं, एका लेखात एकच पाळा आणि दुसऱ्याचं विनाकारण बदलू नका, असं ठरलंय, तरी दर सहा महिन्यांनी कुणीतरी नवीन येऊन तीच काडी लावतो. त्यात बिस्मार्कचा कप्तान लिंडेमान म्हणे आपल्या बोटीला 'तो' म्हणायचा. एवढी दांडगी बोट बाईमाणूस असणं त्याला पटेना.

इंग्रजांचा हा वाद बघून मी गालातल्या गालात हसायचो, तो मराठी विकिपीडियावर पहिला लेख लिहायला घेईपर्यंत.

मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ला, मुहूर्त बघूनच जणू. तिथली भाषा मला घरच्यासारखी वाटली. कच्चं लिहायच्या जागेला 'धूळपाटी', सगळ्यांनी बोलायच्या जागेला 'चावडी', आणि आपोआप काम करणाऱ्या बॉटला 'सांगकाम्या'. घरी मला हीच पदवी असल्यामुळे मी या सांगकाम्यांशी फार आदराने वागतो. तर धूळपाटीवर बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडलो. जहाज 'ते', बोट 'ती', युद्धनौका 'ती'. मग बिस्मार्क बुडालं, बुडाली की बुडाला? इंग्रजांना एका सर्वनामाची चिंता. आपल्याकडे क्रियापद, विशेषण, सगळं वऱ्हाड बदलतं. मी लेखभर 'जहाज' धरलं, तर मथळा 'युद्धनौका'चा. तिसऱ्या परिच्छेदात ते जहाज तिचा सुकाणू फिरवू लागलं.

आणि मुळात 'बॅटलशिप'ला मराठीत शब्द कुठला? युद्धनौका म्हणावं तर वर्तमानपत्रं लढाऊ अशा कुठल्याही बोटीला युद्धनौका म्हणतात. 'डिस्ट्रॉयर'ला विनाशिका हा झकास शब्द आहे, सबमरीनला पाणबुडी, टॉर्पेडोला पाणतीर. नेमकी आमचीच बाई बिननावाची राहिली. शेवटी मुकाट 'बॅटलशिप' लिहिलं. 'डिस्प्लेसमेंट'ला मात्र शब्द होता, विस्थापन. यामाटोचं पूर्ण भारासह विस्थापन सुमारे ७२,००० टन, असं मी अभिमानाने घरी वाचून दाखवलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "मग पुनर्वसन झालं का त्यांचं?"

एकदा कुणीतरी हौशी माणसाने यंत्राकडून भाषांतर करून घेतलेलं 'हूड'चं पान मी तपासायला घेतलं. बोट २८ गाठी बांधून धावत होती. तिच्यावर बिस्मार्कने पंधरा इंची शिंपले फेकले. आणि शेवटी 'हूडच्या मागच्या मासिकाचा स्फोट झाला'. दिवाळी अंकाच्या कचेऱ्यांमधलं वातावरण थोडंफार पाहिलेलं असल्यामुळे मला ते क्षणभर शक्यही वाटलं. मॅगझिन म्हणजे दारूकोठार, हे दुरुस्त करत करत पुढच्या ओळीवर आलो. २४ मे १९४१, हूडवरच्या १,४१८ माणसांपैकी १,४१५ गेली, तीन वाचली. तिथे यंत्राने आकडे बरोबर ठेवले होते. मी उठून पाणी प्यायलो आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी केलं.

पण सांगायचंय ते मिंडनबद्दल.

मिंडन हे चौऱ्याहत्तर तोफांचं जहाज, शिडांच्या काळातलं. ज्या ओळीने उभं राहून लढायच्या जहाजांवरून पुढे 'बॅटलशिप' हा शब्द आला, त्या घराण्यातलं. आणि बांधलं कुठे, तर आपल्या मुंबईच्या गोदीत! १८१० साली, जमशेटजी बोमनजी वाडियांनी, मलबारी सागवानात. इंग्लंडच्या ओकपेक्षा हे सागवान जास्त टिकतं, हे ब्रिटिश आरमारानेही मान्य केलेलं. त्याच गोदीतून १८१७ला निघालेलं 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे, आमच्या इमारतीपेक्षा बऱ्या अवस्थेत.

आता या मिंडनची एक गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो. १८१४ सालच्या सप्टेंबरात बाल्टिमोरच्या किल्ल्यावर ब्रिटिशांनी रात्रभर तोफा डागल्या, पहाटे अमेरिकेचं निशाण अजून फडकताना दिसलं आणि फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने तिथल्या तिथे कविता लिहिली; तीच पुढे अमेरिकेचं राष्ट्रगीत झाली. आणि ही कविता लिहिताना तो होता मिंडनवर! म्हणजे अमेरिकेचं राष्ट्रगीत जन्माला आलं मुंबईच्या फळीवर. ही गोष्ट मी बँकेत, लग्नांत, मुंजीत, एकदा तर तेराव्याला सांगितली आहे. जाईल तिथे टाळ्या घेतल्या आहेत, म्हणजे तेरावं सोडून.

मिंडनचा लेख आम्ही सुधारायला घेतला तेव्हा हे वाक्य मी सगळ्यात वर, मानाच्या पाटावर बसवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेपटीला चिठ्ठी: 'संदर्भ हवा'. मी तीन दिवस संदर्भ शोधला. सगळीकडे गोष्ट होती, पण प्रत्येकाने ती दुसऱ्याकडून ऐकलेली. चौथ्या दिवशी जर्मन गृहस्थांनी अतिशय नम्रपणे लिहिलं की मिंडन त्या सुमाराला पूर्वेकडच्या समुद्रात होतं. बाल्टिमोरला ते गेलंच नव्हतं. आणि कीसाहेब कैद्याच्या सुटकेची बोलणी करायला तहाचं निशाण लावून ज्या अमेरिकन जहाजातून आले होते, त्यावरच ती रात्र त्यांनी काढली.

मी दोन दिवस विकिपीडिया उघडला नाही. हिने कपाळाला हात लावून बघितला.

तिसऱ्या दिवशी मीच ते वाक्य काढलं. जर्मन गृहस्थांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी मला बदली गोष्टी दिल्या. मुंबईचंच 'एशिया' १८२७ला नव्हारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीचं जहाज होतं. मुंबईच्याच 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ साली नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या आणि हाँगकाँग इंग्रजांना मिळालं. दोन्हींना पुस्तकं, पानं, तारखा, सगळं पक्कं. मी पुढच्याच लग्नात नानकिंगची गोष्ट सांगून पाहिली. पंगतीतल्या एकाने विचारलं, "लढाई कशावरून होती?" अफूवरून. "अफू जायची कुठून?" पुष्कळशी आपल्याच मुंबईतून. पुढे कुणी काही विचारलं नाही. मठ्ठा आला.

तीन महिन्यांनी पहाऱ्याच्या यादीत मिंडन वर आलं. वाक्य परत! या वेळी शेपटीला चिठ्ठी नव्हती, संदर्भ होता: एका मोठ्या वर्तमानपत्राची रविवार पुरवणी. टाकणारा होता न्यू जर्सीतला एक मराठी तरुण. वाक्य तर पूर्वीपेक्षाही भरदार झालं होतं. त्यात कीसाहेब 'जहाजाच्या सागवानी कठड्याला टेकून, तोफांच्या उजेडात' लिहीत उभे होते.

सागवानी कठडा वाचला आणि माझ्या पोटात रेवसच्या लाँचसारखं ढवळलं. कारण तो कठडा माझा होता. अकरा वर्षांपूर्वी बँकेच्या निवृत्तांच्या स्मरणिकेत मी 'मुंबईचं सागवान, अमेरिकेचं गान' या नावाचा लेख लिहिला होता. पान भरत नव्हतं म्हणून त्यात कठडा घातला होता. तोफांचा उजेडही मीच पाडला होता. पुरवणीकारांनी स्मरणिका कुठून मिळवली देव जाणे, पण कठडा जसाच्या तसा उचलला होता. नाव तेवढं वगळलं होतं.

मी चर्चेच्या पानावर लिहिलं की ही हकीकत खरी नाही. मुलाने उत्तर दिलं, "काका, वर्तमानपत्र विश्वासार्ह स्रोतात मोडतं. तुम्हाला आपल्या माणसांचं काही चांगलं झालेलं बघवत नाही का?" (वाडिया पारशी, सागवान मलबारचं, जहाज इंग्रजांचं. आपलं काय म्हणाल तर खालचा धक्का. पण हे मी लिहिलं नाही.) मी रोजनाम्यांचे संदर्भ दिले. तो म्हणाला, जहाज तिथे नव्हतं एवढंच त्यातून दिसतं. मग वर्तमानपत्राने कठड्याचा एवढा बारीक तपशील आणला कुठून? शेवटी मी नेट लावून लिहिलं, "मूळ लेखकाने तो तपशील मनानेच घातला आहे. मी त्याला जवळून ओळखतो. तो अशा बाबतीत भरवशाचा नाही."

थोड्या वेळाने उत्तर आलं. या वेळी चक्क जर्मन गृहस्थांचं. वाक्य काढायला त्यांची ना नव्हती. ते रोजनाम्यांवरूनच निघत होतं. पण कुणाही लेखकाबद्दल असं विधान चर्चेच्या पानावरसुद्धा वाऱ्यावर सोडता येत नाही, त्यांनी लिहिलं. सदर लेखक भरवशाचा नाही, याला काही संदर्भ?

मी ते मोठ्यांदा वाचलं. स्वयंपाकघरातून मिक्सर बंद झाल्याचा आवाज आला.

"छापीलच लागतो का?" ही म्हणाली. "तोंडी चालत असेल तर मला बसवा तिथे. छत्तीस वर्षांचे आहेत माझ्याकडे, तारखेसकट."